पहिल्या फळीचा मान

मारोती बेटावर आला तो फळी जाळायचं ठरवूनच. यवतमाळहून मारेगावपर्यंत एसटीत आणि तिथून वर्धेच्या काठापर्यंत कोणाच्या तरी बैलगाडीत बसून त्याने मनातल्या मनात सगळं भांडण एकदा भांडून घेतलं होतं. माय काय म्हणेल, धाकटा भाऊ भीमराज काय म्हणेल, नलू मधेच कुठे तोंड घालेल, सगळ्यांची उत्तरं तयार होती. कौसल्या शेजारी बसून चिवड्याचा पुडा सांभाळत होती. तिला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याचे ओठ हलताना दिसत होते, त्यावरून ती काय समजायचं ते समजली.

नदी ओलांडताना डोंग्यात नेमका रामधन पाटील भेटला. बेटाचा सरपंच.

"जयभीम, मारोतराव," रामधन म्हणाला आणि सरकून जागा करून दिली.

मारोत्याचा मारोतराव व्हायला एक नोकरी, एक दीक्षा आणि एक निवडणूक लागली होती. मारोतीने जयभीम घातला आणि बसला.

"तुमी लोकायनं गावकीची कामं सोडली, लय चांगलं केलं," रामधन पाण्याकडे बघत म्हणाला. "ढोरं वढनं सोडलं, दवंडी सोडली. जमाना बदलून राह्यला. मंग पहिली फळी बी सोडली असन? थे बी गावकीचंच काम होतं. आवंदा आमचा पोरगा गुणवंता घालते म्हनते."

मारोतीला हेच तर म्हणायचं होतं. शब्दही जवळपास हेच होते. "हाव, सोडली," तो म्हणाला आणि लगेच त्याला आपला खिसा कापला गेल्यासारखं वाटलं. भांडायला म्हणून आलेल्या माणसाला सगळ्यात आधी पाटलानेच पाठिंबा द्यावा, ही काही बरी सुरुवात नव्हती.

बेटाच्या खालच्या टोकाला, नदीचे दोन फाटे पुन्हा मिळण्याआधी, काळ्या खडकाची एक आडवी पायरी आहे. पावसाळा ओसरला की तिच्यावरून पडणारं पाणी खाली जाऊन परत वर उठतं आणि त्याची लाट होते. ही लाट कुठे जात नाही. कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत एकाच जागी उभी असते, म्हणून बेटावरचे लोक तिला उभीच म्हणतात. सावरीच्या हलक्या फळीवर पालथं पडून तिच्यात शिरायचं आणि मग पायांवर उठायचं. पाणी खालून पळत राहतं, माणूस जागच्या जागी. वणीचे, यवतमाळचे, चांद्याचे लोक चिवडा बांधून एवढ्या लांब येतात ते एक माणूस जागचा हलत नाही हे बघायला.

पण बघे येण्याच्या कितीतरी आधीपासून पहिली फळी मारोतीच्या बापाच्या, उकंडाच्या घराण्याची होती, आणि तिचं कारण साधं होतं. पुराने पायरीखाली काय आणून टाकलं असेल ते सांगता येत नसे. एखादं झाड, एखाद्या गाडीचं जू. म्हणून महाराने आधी जायचं. तो वर आला तर पाणी चांगलं, नाही आला तर बाकीच्यांनी त्या वर्षी थांबायचं. पुढे बघे जमू लागले, टाळ्या पडू लागल्या, आणि कोणाच्या लक्षात न येता त्या कामाचा मान झाला. पाटलाने काठावरून हाक द्यायची, "उकंड्याऽ, जाय!" आणि उकंडाने जायचं. त्याच्या बापालाही हीच हाक होती, फक्त नाव वेगळं.

बारा वर्षांपूर्वी रामधनच्या बापाकडे कोणी मोठा अधिकारी पाहुणा आला होता. त्याला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं आणि पाणी अजून गढूळ होतं. हाक आली. उकंडा गेला. त्या वर्षी बाकीचे थांबले.

*

जेवायला बसल्यावर मारोतीने डोंग्यातली गोष्ट सांगून टाकली. कौसल्या तव्याशी होती, सासू भाकरी थापत होती. भीमराजने पहिला घास तोंडात तसाच ठेवला.

"हाव म्हनला तू?"

"म्हनलो."

"मले न इचारता?"

"तुले काय इचारू? ढोर वढनं सोडलं तवा इचारलं होतं का? महारकी थे महारकी. धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले, अन् पाटलाच्या हाकेवर पान्यात उडी माराची तेवढी ठेवली? वा रे बुद्ध!"

बुद्धाचा फोटो त्यांच्या डोक्यावरच होता, त्याने काही मत दिलं नाही.

भीमराज सव्वीस वर्षांचा होता, बापानंतर पहिली फळी तोच घाली, आणि फळीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, हे तो स्वतःच सांगत असे. सावरीचं झाड पारखून आणायचं, तासायचं, जवसाचं तेल पाजायचं. बेटावरच्या सगळ्या फळ्या त्याच्याच हातच्या. "यवतमाळात तुले कोन वयखते?" तो म्हणाला. "कापसाच्या जिनात वजनकाट्यावर बसतं. काटा वयखते तेवढाच. अठी मी उभा राह्यलो का वणीचे वकीलबी उठून उभे राह्यतात."

"नाव मालूम हाये का त्याईले तुहं? थो बेटावरचा म्हनतात."

"मंग आपन बेटावरचेच तं आहो," नलू म्हणाली. ती भीमराजच्या बाजूने होती. धाकटी बहीण म्हणून तिला कोणी बाजू विचारली नव्हती, पण ती घेऊन बसली होती. "अन् भाऊ, तू सोडली तं सोडली, गुणवंताले काहून देली? त्याले तं न्हानीतबी धड उभं राह्यता येत नाई."

"म्या नाई देली. त्यानं घेतली."

"हाव म्हनलं म्हंजे देलीच ना."

"मी जातो उद्या पाटलाकडे," भीमराज म्हणाला. "हात जोडतो. म्हनतो, भाऊ शहरात राह्यते, त्याचं मनावर घेऊ नोका."

नलूने ताट खाली ठेवलं. "हात जोडतं? मंग भाऊच बरोबर हाये."

एका भाकरीच्या वेळात नलूने दोन पक्ष धरले. कौसल्याला हसू आलं, पण तिने ते तव्याकडे वळवलं. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी या घरात ती यवतमाळवाली होती. उभीबद्दल ती एक वाक्य बोलली तरी सगळे तिच्याकडे, बुडणाऱ्याकडे बघावं तसे काळजीने बघत.

"मारोतीचं बरोबर हाये," रुखमाबाई म्हणाली.

तिने परातीतून मान वर केली नव्हती. भीमराज आईकडे बघतच राहिला. आईच्या जिवावर तर तो भांडत होता.

"तू म्हनतं असं, माय?"

"मीच म्हनतो. तुहा बाप गेला तवा मी खाली वाळूत उभी होती. दर सालीच उभी राहो. थो खाली यायचा, मी हात द्यायची. त्या दिवशी थो आला नाई. पाटील वरतून म्हने, थांबा, थांबा, येईन." तिने भाकरी तव्यावर टाकली. "मी थांबूनच हावो अजून."

भीमराजने घास गिळला. मारोती जिंकला होता आणि त्याला जेवण जात नव्हतं. फळी जाळायचं त्याने अजून बोलूनही दाखवलं नव्हतं, आणि ती तर दाराशीच टेकवलेली होती, नवी, तेल पाजलेली.

"मी एक इचारू?" कौसल्या म्हणाली.

सगळ्यांनी काळजीने बघितलं.

"हाक आली नाई तं जाता येत नाई का?"

"कुठी?"

"पान्यात. पाटील हाक देते, मंग भाऊजी जातात. हाक यायच्या आंधीच गेलं तं काय होते?"

इतक्या पिढ्यांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. नलूने तोंड उघडलं आणि मिटलं. नलूच्या बाबतीत हे क्वचित घडे.

"आंधी म्हंजे कवा?" भीमराज म्हणाला. "आंधी तं कोनी राह्यतच नाई तठी. लोकं दुपारी येतात."

"नसतील तं नसतील."

"पाहाले कोनी नाई तं थे पहिली कशी?"

"पहिली म्हंजे पहिली," नलू म्हणाली. "पाहो नाईतं ना पाहो." ती आता कौसल्याच्या बाजूने होती. ही बाजू आजवर कोणी घेतली नव्हती.

रुखमाबाईने सुनेकडे नीट बघितलं, बाजारात एखादी वस्तू दुसऱ्यांदा हातात घ्यावी तसं. मग ती भीमराजकडे वळली. "तुले काय पाह्यजे रे? पहिली का टाळ्या?"

भीमराजला दोन्ही हवं होतं, आणि त्यात काही लपवण्यासारखं नव्हतं. पण आई अशी विचारत असताना दोन्ही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

"मले हे पटत नाई," मारोती म्हणाला. "आंधी काय अन् मंग काय. पान्यात काही अडकून असन तं?"

"तू पाह्यजो," रुखमाबाई म्हणाली.

"मी?"

"लहान होता तवा बापासंगं कोन जाये काठी घेऊन, पानी पाहाले?"

"मले नाई आठवत आता."

"पान्यात उतरला का आठवन. भाकर घे."

*

कोजागिरीच्या दिवशी उजाडताना तिघं खालच्या टोकाला गेली. कौसल्या आणि नलू घरीच थांबल्या, कारण कोणी विचारायला आलंच तर खोटं बोलायला दोघी लागतील असं नलूचं म्हणणं होतं.

मारोतीने यवतमाळची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लांब बांबू घेऊन डोहात उतरला. आधी तो शहरातल्या माणसासारखा एकेक पाय उचलून चालला. मग पाणी मांडीला लागल्यावर त्याने पाय उचलणं सोडलं आणि ते सरकवू लागला, बाप सरकवायचा तसे. भीमराज वरून बघत होता. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बापाची चाल भावाच्या अंगात राहून गेली आहे, हे त्याला आज कळलं आणि भावाचा थोडा रागही आला.

मारोतीने पायरीच्या कडेकडेने बांबू खुपसत डोह पालथा घातला. एका जागी थांबून त्याने खाली बुडी मारली आणि बाभळीची एक फांदी ओढून काठावर फेकली. मग ओल्या पँटने भीमराजशेजारी खडकावर येऊन उभा राहिला.

"साफ हाये."

भीमराजने फळी छातीशी धरली. पाणी हिरवट, स्वच्छ, आणि उभी आपल्या जागेवर होती. सूर्य नुकताच झाडांच्या वर आला होता. समोरच्या वाळूत एक बगळा आणि एक माय, दुसरं कोणी नाही.

तो तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"हाक नाई आली."

"बे, त्याच्यासाठीच तं आलो ना आपन!"

"मालूम हाये मले. पन पाय उचलत नाई." भीमराजचा आवाज बारीक झाला होता. "दर सालच्याले थे हाक येते अन् मंग पाय आपसूक जाते. मले वाटे मीच जातो."

मारोतीने त्याच्याकडे बघितलं. एक शब्द म्हटला की काम होणार होतं. त्याने तोंड उघडलं, पण तो शब्द तोच होता. बारा वर्षांपूर्वी तो याच खडकावर, बापाच्या मागे, काठी धरून उभा होता आणि त्याने तो ऐकला होता.

"मी नाई म्हननार थे," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग चाल घरी. नसन जमत तं नोको जमो. मले काई वाईट वाटनार नाई." आणि हे म्हणताना त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने मान फिरवली.

तेवढ्यात खालून, वाळूतून, आवाज आला. जोरात नव्हता. जेवायला वाढून झाल्यावर माय अंगणात येऊन हाक द्यायची, तसाच.

"भीमाऽ, ये!"

भीमराजचा पाय उचलला. फळी पाण्यावर आपटली, तो पालथा पडला, उभीच्या पोटात शिरला आणि उठला. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, तोंड वरच्या पाण्याकडे. नदी त्याच्याखालून पळत होती आणि तो तिथेच होता. टाळी पडली नाही. बगळ्याने मान वळवून एकदा बघितलं, तेवढीच दाद. नेहमी तो लोकांना बघवेल तेवढाच वेळ उभा राही आणि मग हात हलवून खाली सुटे. आज हात हलवायला कोणी नव्हतं, म्हणून थांबायचं कधी हेच त्याला कळेना. फळीला पाणी बोलत होतं. आपण आजवर हे कधी ऐकलंच नाही, असं त्याला वाटलं. त्याला फार सुख झालं, आणि ते कोणाला दाखवायचं नाही याचंही सुख झालं.

शेवटी त्याने फळी सोडली आणि वाहत डोहात आला. रुखमाबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिने त्याचा दंड पकडला आणि वाळूवर आणलं. वाळूवर आल्यावरही दंड सोडला नाही.

"आलो ना माय," तो म्हणाला.

"दिसून राह्यलं मले," ती म्हणाली. पण सोडला नाही.

वर खडकावर मारोती रडत होता. पँट तशीही ओलीच होती, तोंडही ओलं होतं, त्यामुळे कोणाला स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. घरी जाताना फळी त्यानेच खांद्यावर घेतली. जाळायचा विषय निघाला नाही.

*

दुपारी लोक आले. डोंग्यांच्या खेपा झाल्या, भजी तळली गेली. रामधनने पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. त्यात ऊन लागत नव्हतं आणि उभीही दिसत नव्हती, त्यामुळे सगळे मांडव सोडून उन्हात बसले होते.

रुखमाबाई बाभळीखाली बसली होती. शेजारी नलू आणि कौसल्या. वणीची एक बाई पोराला भजं भरवत कौसल्याकडे वळली. पाहुण्यांचे प्रश्न दोनच असतात, त्यातला पहिला तिने विचारला.

"तुम्ही इथल्याच का हो?"

कौसल्याने नलूकडे बघितलं. असं कोणी विचारलं की नलूच आधी उत्तर देऊन मोकळी व्हायची, 'वहिनी यवतमाळची हाये.' आज नलूला नदीत काहीतरी महत्त्वाचं दिसत होतं.

"हाव," कौसल्या म्हणाली. "इथलीच."

डफडं वाजलं. गुणवंताच्या गळ्यात झेंडूचा हार होता. रामधनने पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून पहिल्या फळीची घोषणा केली. टाळ्या पडल्या. आता रीतीप्रमाणे बाकीच्या फळीवाल्यांनी उठून खडकावर रांग लावायची. वरच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथले धावजी आणि त्याचे भाऊबंद पट्टीचे फळीवाले. पण ते फळ्या आडव्या टाकून बसले होते. धावजी बिडी ओढत होता.

रामधन त्यांच्याकडे गेला. "काय रे धावजी, उठत काहून नाई?"

"पहिली जाऊ द्या ना, पाटील."

"गुणवंता जाऊन राह्यला ना."

"गुणवंताभाऊ जातीन. पन पहिली उकंडाभाऊच्या घरची. थे झाल्याबिगर आमी पान्यात पाय नाई घालत. माह्या बापानं नाई घातला, मी कसा घालू?" धावजीने ही गोष्ट अगदी अदबीने सांगितली आणि बिडीचा झुरका घेतला. श्रद्धा म्हणा, भीती म्हणा, तो जागचा उठला नाही. गुणवंताने हे सगळं ऐकलं आणि पाण्याकडे बघितलं. पाण्यात काय असेल, हा विचार त्याला तोवर सुचलाच नव्हता.

रामधन बाभळीखाली आला. पाहुण्यांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"रुखमाबाई, भीमराजले धाडा. एवढ्या बार. मंग पुढच्या सालचं पाहू."

"कायले? पहिली होऊन गेली."

"कवा?"

"सकाळी."

रामधनला ते समजायला थोडा वेळ लागला. त्याने भीमराजकडे बघितलं. तो भावाशेजारी बसून कोरड्या फळीला तेल लावत होता आणि त्याच्या तोंडावर एकही टाळी न मिळाल्याचं कसलंच दुःख नव्हतं.

"मले न इचारता? धाडलं कोनं त्याले?"

"धाडलं नाई कोनी," रुखमाबाई म्हणाली. "म्या बोलावलं."

धावजीने बिडी विझवली आणि फळी उचलली. त्याच्यामागे सगळा तांडा उठला. रांग लागली.

रामधन खडकावर परत गेला. एवढे लोक जमवल्यावर आता काहीतरी व्हायला हवं होतं. गुणवंता फळी धरून कडेला उभा होता. हार अजून गळ्यातच.

"जाय," रामधन म्हणाला.

गुणवंता हलला नाही.

"जाय ना बे! लोकं पाहून राह्यले!"

रुखमाबाईने ती हाक ऐकली. आवाज थेट रामधनच्या बापाचा होता. मारोतीनेही ऐकली आणि त्याचा हात फळीवरच थांबला. रामधनची तिला दया आली नाही. ती यायचं काही कारणच नव्हतं. पोराची आली. नलूच्याच वयाचं पोर होतं ते, आणि खाली वाळूत त्याच्यासाठी कोणीच उभं नव्हतं.

ती उठली. लुगडं खोचलं आणि उतरत उतरत डोहाच्या काठी जाऊन कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली.

"गुणवंताऽ," तिने हाक दिली. "थो हार काढ अन् ये. पानी साफ हाये, बाप्पा. आमच्या मारोतीनं पाह्यलं."